आकाशांतून पडलेला ध्वज आणि घरांत शिवलेला ध्वज

राष्ट्रध्वजासंबंधानें लिहिणारे लेखक बहुधा दोन प्रश्न घेऊन बसतात. हा ध्वज आला कोठून, हा एक. आणि त्याच्या रंगांचा अर्थ काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर पुष्कळदां दंतकथेंत सांपडतें आणि दुसऱ्याचें कवितेंत. या दोन्ही उत्तरांत मन रमण्यासारखें पुष्कळ असतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांच्या पलीकडे एक तिसरा प्रश्न आहे, आणि तो फारसा कोणी विचारीत नाहीं. हा ध्वज राखला कोणीं, आणि तो राखण्यासाठीं त्यांस काय द्यावें लागलें? युरोपांतील एका लहान देशाच्या ध्वजाच्या निमित्तानें हाच प्रश्न वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

तो देश म्हणजे एस्टोनिया. बाल्टिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, फिनलंडच्या आखाताच्या दक्षिणेस हा देश वसलेला आहे. क्षेत्रफळ सुमारें ४५ हजार चौरस किलोमीटर आणि लोकवस्ती तेरा लाखांच्या आसपास. तेथील भाषा फिनिश भाषेची जवळची बहीण. ज्या जर्मन, स्वीडिश व रशियन लोकांनीं या देशावर राज्य केलें त्यांच्या भाषांशीं तिचें कसलेंहि कुळनातें नाहीं. राजधानी टॅलिन येथें टोम्पेआ नांवाची एक खडकाळ टेकडी आहे. तिच्या एका कोंपऱ्यावर ‘पिक हेर्मान’, म्हणजे उंच हेर्मान, या नांवाचा जुना दगडी मनोरा आहे. त्यावर निळा, काळा व पांढरा असे तीन आडवे पट्टे असलेला एस्टोनियाचा ध्वज फडकत असतो. याच टेकडीच्या उतारावर, तटाला लागून, एक लहानशी बाग आहे. तिचें नांव ‘डॅनिश राजाची बाग’. मनोऱ्यावरचा ध्वज घरांत शिवलेला आहे. बागेशीं ज्याची कथा जोडली जाते तो मात्र आकाशांतून पडलेला. एकाच टेकडीवर दोन ध्वजांच्या दोन जन्मकथा अशा शेजारीं शेजारीं नांदत आहेत.

आधीं आकाशांतून पडलेल्या ध्वजाची कथा पाहूं. डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्देमार हा एस्टोनियन लोकांस ख्रिस्ती करण्याच्या उद्देशानें मोठें आरमार घेऊन या किनाऱ्यावर उतरला. लिंडानिसे येथें, म्हणजे हल्लींच्या टॅलिन शहराच्या जागीं, १५ जून १२१९ रोजीं लढाई जुंपली. कथा अशी आहे कीं, डॅनिश सैन्याचा धर्मगुरु आर्चबिशप आंद्रेस सुनेसेन हा हात उभारून प्रार्थना करीत होता. त्याचे हात वर असत तोंपर्यंत डॅनिश लोकांची सरशी होई, आणि थकून ते खालीं आले कीं त्यांची पीछेहाट होई. अखेर हात उचलण्याचेंहि त्राण उरलें नाहीं, तेव्हां आकाशांतून एक तांबडें निशाण खालीं आलें. त्यावर पांढरा क्रूस होता. तें हातीं घेऊन डॅनिश वीर पुन्हां उठले व विजयी झाले. हाच ‘डॅनेब्रोग’, डेन्मार्कचा आजचा राष्ट्रध्वज.

कथा सुंदर आहे, पण इतिहासाच्या कसास ती उतरत नाहीं. थकणाऱ्या हातांचा भाग तर बायबलांतील मोझेसच्या कथेवरून सरळ उचललेला दिसतो. या लढाईचा वृत्तान्त हेन्री ऑफ लिव्होनिया या समकालीन बखरकारानें लिहून ठेवला आहे. त्यांत एस्टोनियनांनीं सायंकाळीं, जेवणें झाल्यानंतर, पांच बाजूंनीं डॅनिश छावणीवर अकस्मात् हल्ला केला असें आहे. राजाचा तंबू समजून ते थिओडोरिक नांवाच्या बिशपाच्या तंबूंत शिरले व त्यास त्यांनीं ठार केलें, असेंहि आहे. शेवटीं वेंड लोकांच्या तुकडीनें हल्ला थोपवून धरला म्हणून डॅनिश सैन्य वांचलें. पडत्या ध्वजाविषयीं मात्र या बखरींत एक अक्षरहि नाहीं. ती कथा लिखित स्वरूपांत आढळते ती सोळाव्या शतकांत, म्हणजे लढाईनंतर तीनशें वर्षांनीं.

परंतु या कथेविषयीं आमचा आक्षेप ती खोटी आहे म्हणून नाहीं. दंतकथेनें खरें असलेंच पाहिजे असा हट्ट कोणी धरूं नये. आक्षेप असा कीं, आकाशांतील ध्वज ज्यांच्या भूमीवर पडला त्यांच्याविषयीं ती कांहींच बोलत नाहीं. त्या दिवशीं तेथें दोन पक्ष होते. एकास राज्य मिळालें, ध्वज मिळाला आणि पुढें आठशें वर्षें सांगत बसण्यासारखी कथाहि मिळाली. दुसऱ्यास काय मिळालें? त्याच्या किल्ल्याच्या जागीं परक्याचा किल्ला उभा राहिला. ‘टॅलिन’ या नांवाचा अर्थदेखील ‘डॅनिश लोकांचें नगर’ असा लावला जातो. १३४३ सालीं संत जॉर्जच्या रात्रीं एस्टोनियन शेतकऱ्यांनीं बंड केलें, तें चिरडलें गेलें. त्यानंतर १३४६ सालीं डेन्मार्कच्या राजानें आपला हा मुलूख ट्युटॉनिक संप्रदायाच्या जर्मन सरदारांस १९ हजार मार्क रुप्यास विकून टाकला. विक्रीच्या त्या कागदांत माणसांचें मत विचारण्याचा प्रश्नच नव्हता. शेत विकलें म्हणजे त्यावरील झाडेंहि जातात, तसे ते लोक गेले.

यापुढचा पांच शतकांचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे, कारण एस्टोनियन माणसाच्या दृष्टीनें त्यांत धनी तेवढे बदलले. १५६१ सालीं टॅलिन स्वीडनकडे गेलें. १७१० सालीं तें रशियन सैन्यानें घेतलें, आणि १७२१ च्या तहानें सर्व मुलूख झारच्या साम्राज्यांत सामील झाला. वर राजा कोणताहि असो, खालीं जमिनीचा मालक, गांवचा पाद्री आणि शहरांतला व्यापारी हे बहुधा जर्मनच राहिले. एस्टोनियन शेतकरी भूदास होता. भूदासपद एस्टोनियाच्या उत्तर भागांत १८१६ सालीं व दक्षिण भागांत १८१९ सालीं रद्द झालें, पण जमीन मालकाचीच राहिली. हे लोक स्वतःस ‘एस्टोनियन’ असें म्हणतहि नसत; ते स्वतःस ‘मारह्वास’, म्हणजे भूमीचे लोक, असें म्हणवीत. ज्यास स्वतःच्या राष्ट्राचें नांव नाहीं त्यास राष्ट्रध्वज कोठून असणार?

नांव आधीं आलें, आणि तें वर्तमानपत्रांतून आलें. १८५७ सालीं योहान वोल्डेमार यान्सेन यानें पार्नू येथें एक साप्ताहिक काढलें व त्याच्या पहिल्याच अंकांत आपल्या वाचकांस ‘एस्टोनियन लोकहो’ अशी हांक मारली. त्याच सुमारास क्रॉइट्सवाल्ड नांवाच्या एका डॉक्टरानें लोककथा व लोकगीतें यांच्या आधारें ‘कालेविपोएग’ हें महाकाव्य रचून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १८६९ सालीं टार्टू येथें पहिला मोठा गायनोत्सव भरला. वृत्तपत्र, महाकाव्य आणि गाणें या तीन गोष्टींनीं शेतकऱ्यांच्या समूहाचें राष्ट्र बनविलें. ध्वज यांच्यामागून आला, आणि तो एखाद्या राजवाड्यांतून न येतां विद्यार्थ्यांच्या खोलींतून आला.

टार्टूच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या मूठभर एस्टोनियन विद्यार्थ्यांनीं १८७० सालापासून ‘कालेविपोएग’च्या वाचनासाठीं एकत्र जमण्याचा क्रम सुरू केला होता. विद्यापीठांत वर्चस्व जर्मन विद्यार्थ्यांच्या मंडळांचें. प्रत्येक मंडळाचे तीन रंग ठरलेले, आणि ते रंग टोपीवर व छातीवरच्या फितीवर मिरविण्याची रीत. एस्टोनियन विद्यार्थ्यांनींहि तसेंच एक मंडळ काढण्याचें ठरविलें, आणि सप्टेंबर १८८१ मधील सभेंत त्यासाठीं निळा, काळा व पांढरा हे रंग निवडले. त्या वेळीं या तरुणांच्या मनांत राष्ट्रध्वज नव्हता. विद्यार्थी-मंडळास रंग असावे लागतात म्हणून रंग निवडले गेले. जर्मन मंडळांनीं त्यांस बरोबरीचा मान देण्याचें नाकारलें. रंगीत टोप्या घालून हिंडण्याचा प्रयत्न झाला, तोहि विरोधापुढें टिकला नाहीं. अखेर १८८३ सालीं ‘एस्टोनियन विद्यार्थी संघ’ म्हणून त्यांस मान्यता मिळाली. रंग मिरविण्याचा हक्क मात्र मिळाला नाहीं.

जें मिरवतां येत नाहीं त्याचा ध्वज करावा, असें त्यांनीं मनांत घेतलें. १८८४ च्या वसंतांत तो शिवला गेला. भाषापंडित कार्ल आउगुस्ट हेर्मान यांची पत्नी पौला हेर्मान, एमिलिए बेएर्मान आदि स्त्रियांच्या हातचें तें काम. रेशमाचे तीन पट्टे: वर निळा, मध्यें काळा, खालीं पांढरा. ४ जून १८८४ रोजीं टार्टूपासून दूर, ओटेपॅ या गांवीं पाद्र्याच्या घरांतील दिवाणखान्यांत त्यास विधिपूर्वक आशीर्वाद देण्यांत आला. वाल्देमारच्या ध्वजाची कथा आणि हा प्रसंग यांची तुलना करून पहावी. तेथें आकाश, सैन्य, आर्चबिशप. येथें सुईदोरा, कांहीं विद्यार्थी आणि खेड्यांतील एक दिवाणखाना.

आतां रंगांच्या अर्थाकडे वळूं. निळा म्हणजे एस्टोनियाचें आकाश, सरोवरें व समुद्र. तोच निष्ठेचाहि रंग. काळा म्हणजे नांगरलेली माती, शेतकऱ्याचा काळा अंगरखा, आणि गुलामगिरीचा गतकाळ. पांढरा म्हणजे हिवाळ्यांतील बर्फ, बर्चच्या झाडाची साल, उन्हाळ्यांतील उजळ रात्री, आणि ज्ञानाची ओढ. हे अर्थ तेथील शाळेंतील मुलांस पाठ असतात. मार्टिन लिप या कवीनें १८९७ सालीं या ध्वजावर कविता लिहिली, आणि एन वोर्क यानें १९२२ सालीं तिला चाल लावली. तेव्हांपासून तर हे रंग लोकांच्या ओठांवर बसले. तथापि एवढे अर्थ एका काळ्या पट्ट्यांत सांपडावे, यावरूनच दिसून येतें कीं ते रंगांत मुळांत नसून मागाहून भरलेले आहेत. हा आम्ही दोष समजत नाहीं. भांडें आधीं घडवावें लागतें, पाणी मागून भरतात. राष्ट्राच्या आयुष्यांत जें जें घडत जाईल तें तें त्या तीन पट्ट्यांत सांठत गेलें, इतकाच याचा अर्थ.

आणि घडलें पुष्कळ. ८ एप्रिल १९१७ रोजीं पेट्रोग्राड येथें सुमारें ४० हजार एस्टोनियनांनीं निळे-काळे-पांढरे ध्वज घेऊन स्वायत्ततेच्या मागणीसाठीं मिरवणूक काढली. २४ फेब्रुवारी १९१८ रोजीं टॅलिन येथें स्वातंत्र्याची घोषणा झाली, आणि दुसऱ्याच दिवशीं जर्मन सैन्य शहरांत शिरलें. जर्मनीचा महायुद्धांत पराभव झाल्यावर, २१ नोव्हेंबर १९१८ रोजीं हंगामी सरकारनें या ध्वजास राष्ट्राचा ध्वज म्हणून मान्यता दिली, आणि १२ डिसेंबर रोजीं तो प्रथमच उंच हेर्मानवर चढला. त्या वेळीं पूर्वेकडून तांबडें सैन्य चालून येत होतें. तें युद्ध २ फेब्रुवारी १९२० च्या टार्टूच्या तहानें संपलें, आणि २७ जून १९२२ रोजीं कायदेमंडळानें ध्वजाचा कायदा केला. देशाच्या राजमुद्रेसाठीं मात्र १९२५ सालीं निवडले गेले ते तीन निळे सिंह. हे सिंह मूळचे वाल्देमार राजाचे! टॅलिन शहराच्या लहान मुद्रेंतहि तांबड्यावर पांढरा क्रूस अजून आहे. जेत्याचीं चिन्हें या लोकांनीं पुसून टाकलीं नाहींत. त्यांस मुद्रेवर जागा दिली, आणि ध्वज तेवढा आपला ठेवला. यांत आम्हांस मोठें शहाणपण दिसतें.

या ध्वजाची खरी कसोटी १९४० सालीं लागली. जूनमध्यें सोव्हिएट सैन्यानें देश व्यापला. २१ जून रोजीं उंच हेर्मानवरून ध्वज उतरविण्यांत आला. दुसऱ्या दिवशीं तांबड्या निशाणासह पुन्हां चढविण्यांत आला. २७ जुलै रोजीं तो अजिबात नाहींसा झाला. १९४१ सालीं जर्मन आले, आणि त्यांनीं या रंगांस मोकळीक दिली, पण राज्याचा ध्वज म्हणून नव्हे. हा काळ या ध्वजाच्या चरित्रांतील सर्वांत अवघड पान आहे, आणि तें उलटून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. याच राजवटींत देशांत मागें राहिलेल्या सुमारें एक हजार ज्यूंची हत्या झाली. जर्मन सैन्यांत भरती झालेल्या एस्टोनियन तरुणांच्या बाहीवर हेच तीन रंग आले, तर दुसरे एस्टोनियन तरुण तांबड्या सैन्यांतून त्यांच्याविरुद्ध लढले. चिन्हास स्वतःचा हात नसतो. तें कोणत्या बाहीवर शिवलें जाईल, हें तें ठरवूं शकत नाहीं. सप्टेंबर १९४४ मध्यें जर्मन माघार घेऊं लागले आणि सोव्हिएट सैन्य अजून पोंचलें नव्हतें, अशा मोजक्या दिवसांत निळा-काळा-पांढरा ध्वज पुन्हां मनोऱ्यावर चढला. २२ सप्टेंबर रोजीं सोव्हिएट सैन्य टॅलिनमध्यें शिरलें, आणि लौकरच तो पुन्हां उतरला. या वेळीं तो चाळीस वर्षांहून अधिक काळ दिसणार नव्हता.

मग तो होता कोठें? अनेक ठिकाणीं होता. समुद्र ओलांडून स्वीडनला गेलेल्या निर्वासितांच्या पेट्यांत तो होता. सोव्हिएट सामीलीकरण अमेरिकेनें कधींच मान्य केलें नाहीं, म्हणून न्यूयॉर्क येथील एस्टोनियाच्या वकिलातींत तो होता. आणि १८८४ सालचा तो मूळ रेशमी ध्वज? विद्यार्थी संघावर बंदी आल्यावर तो महायुद्धाच्या धामधुमींत एका शेतकऱ्याच्या घरीं नेऊन धुराड्याच्या बांधकामांत लपविण्यांत आला. देश स्वतंत्र होईपर्यंत तो तेथेंच राहिला. आज तो टार्टूच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. ओटेपॅच्या चर्चच्या दारीं ध्वजाच्या स्मरणार्थ १९३४ सालीं शिल्पें बसविलीं होतीं, तीं नव्या राजवटींत फोडलीं गेलीं. दगड फोडतां आला. धुराड्यांतलें कापड सांपडलें नाहीं. सोव्हिएट राजवटीनें १९५३ सालीं एस्टोनियासाठीं नवें निशाण काढलें, त्यांत तांबड्याखालीं समुद्राच्या निळ्या लाटा दाखविल्या. निळ्यास परवानगी मिळाली, पण काळ्यापांढऱ्याच्या शेजारीं बसण्याची नाहीं. ज्यांनीं हे तीन रंग उघडपणें एकत्र फडकविण्याचें धाडस केलें त्यांतील कित्येकांस तुरुंग भोगावा लागला.

या बंदींतील असंबद्धता १९८८ च्या एप्रिलमध्यें टार्टूच्या लोकांनीं उघडकीस आणली. पुरातन-वारसा-संरक्षणाच्या उत्सवांत त्यांनीं एक निळा, एक काळा व एक पांढरा अशीं तीन निरनिराळीं निशाणें शेजारीं शेजारीं मिरविलीं. एकरंगी कापडावर कोणता कायदा बंदी घालणार? त्याच वर्षीं २३ जून रोजीं सरकारनें हे रंग राष्ट्रीय रंग म्हणून मान्य केले. उन्हाळ्याच्या त्या उजळ रात्रीं टॅलिनच्या गायनोत्सवाच्या मैदानावर हजारों लोक गात होते, आणि पेटींतले, माळ्यावरचे जुने ध्वज त्यांच्या डोक्यांवर हालत होते. २४ फेब्रुवारी १९८९ रोजीं, स्वातंत्र्याच्या घोषणेच्या वाढदिवशीं, निळा-काळा-पांढरा ध्वज उंच हेर्मानवर पुन्हां चढला. सोव्हिएट सैन्य त्या वेळीं देशांतच होतें. पूर्ण स्वातंत्र्य आलें २० ऑगस्ट १९९१ रोजीं. म्हणजे राज्य येण्यापूर्वीं अडीच वर्षें ध्वज येऊन पोंचला होता.

२००१ सालीं अशी एक सूचना पुढें आली कीं, याच तीन रंगांत फिनलंड-स्वीडनच्या ध्वजांसारखा क्रूस काढावा, म्हणजे जगास आपण उत्तर युरोपचे आहों हें कळेल. लोकांनीं ती मनावर घेतली नाहीं, आणि तें योग्यच झालें असें आम्हांस वाटतें. शोभेसाठीं किंवा शेजाऱ्यांच्या पंक्तीस बसण्यासाठीं ज्याची काटछांट करावी, असें तें कापड राहिलेलें नव्हतें. दुसरी एक गोष्ट मात्र इतक्या सहजासहजीं निकालांत निघणारी नाहीं. आजच्या एस्टोनियांत रशियन-भाषी रहिवाशांची संख्या मोठी आहे. सोव्हिएट काळांत तेथें येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची मुलें-नातवंडें त्यांत पुष्कळ आहेत. ज्यांच्या आजोबांनीं हा ध्वज लपविला आणि ज्यांचे आजोबा तो उतरविणाऱ्या राज्याचे प्रजाजन होते, अशीं मुलें आतां एका शाळेंत बसून त्याच रंगांचा अर्थ शिकतात. काळा रंग म्हणजे आपल्या पूर्वजांचें दुःख, हें वाक्य त्या दोघांसहि आपलें वाटेल काय? यावर त्या ध्वजाचें पुढील शतक अवलंबून आहे.

१५ जून २०१९ रोजीं डॅनेब्रोगच्या कथेस आठशें वर्षें झालीं, त्या निमित्तानें डेन्मार्कची राणी दुसरी मार्गारेट टॅलिनला आली होती. वाल्देमार ज्या भूमीवर जेता म्हणून उतरला, तेथें त्याची वारस पाहुणी म्हणून आली, आणि उंच हेर्मानवरील ध्वज पाहुणीचें स्वागत करीत होता. आकाशांतून आलेल्या ध्वजास पाडणारा देव होता. त्याची काळजी देवानें घ्यावी. घरांत शिवलेल्या ध्वजास असा कोणी नव्हता. त्यास शिवणाऱ्या बायका होत्या, आशीर्वाद देणारा गांवचा पाद्री होता, आणि विटांआड त्यास झांकून ठेवून ती चूल वर्षानुवर्षें पेटवीत राहिलेलें एक शेतकरी कुटुंब होतें. आजहि दररोज सूर्योदयास उंच हेर्मानवर तो चढतो आणि सूर्यास्तास उतरतो. वर्षांतून एकच रात्र, २३ जूनची, तो उतरवीत नाहींत. उत्तरेकडील त्या रात्रीं अंधार असा फारसा पडतच नाहीं. आणि ज्यानें इतकीं वर्षें धुराड्याच्या काळोखांत काढलीं, त्यानें एक रात्र उजेडांत जागावी, हें आम्हांस उचितच वाटतें.